गस्त कोणाची, किल्ल्या कोणाकडे?

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. नवस फेडायला माणसे तिथे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा घेऊन येतात. या वहाणा झिजतात, असे भाविक सांगतात. कारण देव रात्री त्या घालून गावाच्या शिवेवर फिरतो. आमच्या सिंधुदुर्गात गावोगाव असा एखादा राखणदार असतोच. तो गस्त घालतो म्हणून आपण बिनघोर झोपायचे, असा हा जुना करार.

देवाच्या गस्तीत एक सोय असते. त्याला पगार द्यावा लागत नाही, आणि त्याने चुकीच्या माणसाला पकडले तर काय, हा प्रश्नही येत नाही. शहरात मात्र गस्त माणसांनाच घालावी लागते. मग प्रश्नांची रांग लागते. गस्तवाल्याचा पगार कुठून येणार? पकडलेला माणूस रात्रभर कुठे ठेवायचा? सकाळी त्याचा निवाडा कोण करणार? आणि गस्तवाल्यानेच गुन्हा केला तर दाद कोणाकडे मागायची?

अठराव्या शतकात पुण्यात या सगळ्या प्रश्नांचे एकच उत्तर होते : कोतवाल. त्याच काळात जपानमध्ये एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हे काम सामुराई अधिकारी करत होते. ही यंत्रणा आतून कशी चालत होती, ते एकेक पेच सैल करून पाहू. सुरुवात मालवणच्या समोर उभ्या असलेल्या किल्ल्यापासून करावी लागेल, कारण ‘कोतवाल’ हा शब्दच कोटातून निघालेला आहे.

कोटाचा पाल

कोट म्हणजे किल्ला आणि पाल म्हणजे सांभाळणारा. कोटपाल या शब्दाशी कोतवालाचे नाते सांगितले जाते. पुढे फारसी दप्तरातून फिरून आलेला हा शब्द शहराच्या रखवालदाराला चिकटला. विजेच्या तारेवर बसणारा, दुहेरी शेपटीचा काळा पक्षी आपण पाहतो, त्यालाही आपण कोतवालच म्हणतो. घरट्याच्या आसपास कावळा किंवा घार फिरकली की तो आपल्याहून मोठ्या पक्ष्यावर तुटून पडतो. त्याच्या आश्रयाला इतर लहान पक्षी शेजारी घरटी करतात. कोतवालाकडून लोकांची अपेक्षा काय होती, ते या नावातच आले.

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. ४८ एकरांच्या या बेटावर तट, बुरूज, दारूगोळा, धान्याची कोठारे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि राबती वस्ती होती. म्हणजे समुद्राने वेढलेले ते एक छोटे शहरच होते. अशा ठिकाणी रात्रीची राखण कोणाच्या जिवावर सोडायची?

महाराजांच्या गडांची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या आपल्या बखरीत नोंदवली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि तिघांचा दर्जा सारखा असे. दरवाजा आणि त्याच्या किल्ल्या हवालदाराकडे. हजेरीपट आणि लिहिणे सबनिसाकडे. फौज आणि पहारा सरनोबताकडे. धान्य, दारूगोळा आणि त्यांचा जमाखर्च यांसाठी कारखानीस वेगळा. गडाचा घेरा मोठा असेल तर तटाचे भाग पाडून प्रत्येक भागावर तटसरनोबत. हे अधिकारी मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून निवडत, म्हणजे एकाच गोतातले लोक संगनमत करून गड शत्रूला देणार नाहीत.

हवालदाराला संध्याकाळी दरवाजे स्वतः लावायचे आणि सकाळी स्वतः उघडायचे, असा दंडक होता. पण किल्ली हातात असली तरी माणसे त्याची नसत आणि वही त्याची नसे. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे किल्ली नसे. ही वाटणी लक्षात ठेवू, कारण पुण्याने नेमकी हीच वाटणी मोडली.

पुण्याची कोतवाली

पेशव्यांचे ठाणे झाल्यावर पुणे वाढत गेले. पेठेमागून पेठ वसली. सरदारांचे वाडे, सावकारांच्या पेढ्या, देशोदेशींचे व्यापारी, शिपाई, भिक्षुक, यात्रेकरू अशी दाटी झाली. गावात पाटलाला प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो. शहरात शेजारचा बिऱ्हाडकरू कोण, हेच ठाऊक नसते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७६४ च्या सुमारास, पुण्याला स्वतंत्र कोतवाल नेमला जाऊ लागला तो या गरजेतून. नमुना मोगली शहरांचा होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाची कामे सांगितली आहेत. रात्रीचा पहारा, घरांची आणि गल्ल्यांची नोंदवही, येणाऱ्याजाणाऱ्यांची खबर, वजनमापे, बाजारभाव आणि बेवारस मालमत्ता ही सारी कामे त्यात येतात. पुण्याच्या कोतवालाची यादी बरीचशी अशीच होती.

मुख्य कचेरी म्हणजे कोतवाल चावडी. तिच्या हाताखाली पेठांतल्या चावड्या. चावडीवर कारकून आणि प्यादे असत. कोतवालाच्या दिमतीला स्वार असत आणि रात्रीच्या पहाऱ्याला रामोशी.

चावडीवरचा दिवस कसा जात असेल, ते कामांच्या यादीवरून डोळ्यांपुढे येते. सकाळी रात्री पकडलेली माणसे पुढे आणली जात. किरकोळ असेल त्याला समज देऊन किंवा दंड घेऊन सोडायचे. मग तंटे सुरू. एकाची पागोळी दुसऱ्याच्या भिंतीवर पडते, कोणी बोळात ओटा पुढे काढला आहे, कोणाचे घर विकले जात आहे आणि त्याची नोंद हवी आहे. रस्ते, बोळ आणि घरे यांच्या भांडणांचा निवाडा कोतवालाकडे. बाजारात जिनसांचे भाव ठरवणे त्याच्याकडे. शहरात कोण आले आणि कोण गेले, याची टिपणे त्याच्याकडे. जुगाराला परवाना त्याचाच. सरकारी कामाला मजूर लागले तर तेही त्यानेच पुरवायचे. आणि महिनाअखेर जमाखर्चाचा हिशेब हुजुरात रुजू करायचा.

आजच्या भाषेत सांगायचे तर पोलीस आयुक्त, दंडाधिकारी, नगरपालिकेचा मुख्याधिकारी, दुय्यम निबंधक आणि वैधमापनशास्त्राचा निरीक्षक ही सारी माणसे एकाच पागोट्याखाली बसलेली होती. शिवाय वसुली होतीच. दंड, परवाने आणि फिया यांतून येणारा पैसा कोतवालीच्या जमेला पडे. जो पकडतो तोच निवाडा करतो, आणि निवाड्यात जो दंड होतो तो त्याच्याच कचेरीच्या वहीत जमा होतो, असा हा मामला.

दहाची तोफ

कोतवालीचा खरा दरारा रात्री दिसे. पेशव्यांच्या नोकरीत असलेला आयरिश लष्करी अधिकारी विल्यम हेन्री टोन याने १७९६ च्या सुमारास मराठी राज्याविषयी लिहून ठेवले आहे. त्याच्या सांगण्यानुसार पुण्यात रात्री दहाला तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर दिसेल त्याला गस्तवाले धरून नेत आणि सकाळी कोतवाल सोडी तेव्हाच त्याची सुटका होई. शिस्त इतकी कडक की, अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अडकून राहावे लागले, असे टोन सांगतो.

हा नियम आज जाचक वाटेल. पण रस्त्यांवर दिवे नसलेल्या शहरात अंधारात चालणारा माणूस चोर की साव, हे ओळखायचे कसे? त्यावरचा सोपा उपाय असा की त्या वेळेनंतर सावाने बाहेर पडायचेच नाही. मग जो बाहेर दिसेल त्याला विचारायला गस्तीला कारण मिळते. थोडक्या माणसांत मोठे शहर राखायची ही युक्ती होती.

दुसरी युक्ती रामोशांची. खेड्यांत राखणदारीचा जुना रिवाज होता. चोरी झाली की रामोशाने किंवा जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावच्या राखणदाराकडे जाई. माग आपल्याच हद्दीत विरला तर नुकसान भरून देण्याची जोखीम आपल्यावर. आपण आजही ‘माग काढला’, ‘मागमूस लागला नाही’ असे म्हणतो, त्यातला माग हाच. या हमीच्या बदल्यात रामोशाला धान्य, पैसा आणि मानपान मिळे. माग ओळखण्याची, रात्र अंगावर घेण्याची ही पिढीजात विद्या शहराने पहाऱ्यासाठी उचलली.

ब्रिटिश अमलाच्या सुरुवातीला, १८१९ मध्ये, इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्याच्या कोतवालीवर महिन्याला ९,००० रुपये खर्च होत असे आणि त्यात प्यादे, स्वारांची गस्त व बरेचसे रामोशी पोसले जात, असे त्यात नमूद आहे. पुण्याचा बंदोबस्त चांगला होता, हेही त्याने मान्य केले. म्हणजे यंत्रणा कुचकामी मुळीच नव्हती. ती चालत होती, आणि म्हणूनच तिच्यातला दोष बराच काळ झाकून राहिला.

एडोचे दोन दरवाजे

आता जपानकडे वळू. एडो हे तोकुगावा शोगुनांचे, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांचे, शहर. अठराव्या शतकात तिथली वस्ती दहा लाखांच्या घरात होती आणि त्यातले निम्मे लोक साधे शहरवासी, म्हणजे कारागीर, दुकानदार, हमाल. त्यांच्यावरच्या अधिकाऱ्याला माचीबुग्यो म्हणत. तो शोगुनाच्या थेट चाकरीतला सामुराई असे. कोतवालासारखाच तो पोलीसप्रमुख, न्यायाधीश आणि नगराधिकारी सगळे एकत्र होता. १७१७ ते १७३६ या काळात या पदावर असलेल्या ओओका तादासुकेच्या चतुर निवाड्यांच्या गोष्टी जपानी लोक आजही सांगतात, जशा आपण बिरबलाच्या सांगतो.

पण एक फरक होता. एडोत बुग्यो एक नव्हता. उत्तरेची कचेरी वेगळी आणि दक्षिणेची वेगळी. शहराचे दोन भाग करून ते वाटून घेतले होते असे मात्र नाही. दोघांची हद्द तीच, पाळी महिन्याची. एका महिन्यात उत्तर कचेरीचा दरवाजा नव्या फिर्यादींना उघडा, दुसऱ्या महिन्यात दक्षिणेचा. ज्याची पाळी नसे तो दरवाजा लावून जुनी प्रकरणे निकालात काढी. एकाच शहराचे काम दोघे पाळीपाळीने करत असल्याने एकाचा कारभार दुसऱ्याला आपोआप दिसत राही.

बुग्योच्या हाताखाली प्रत्येक कचेरीत साधारण २५ योरिकी असत. हे वरच्या दर्जाचे सामुराई, घोड्यावर बसण्याचा मान असलेले. त्यांच्याखाली शंभरावर दोशिन. दोशिन पायी फिरे आणि त्याच्याजवळ जित्ते नावाची लोखंडी दांडी असे. तिच्या बुडाशी एक आकडा असतो. समोरच्याची तलवार त्यात अडकवायची आणि माणूस जिवंत धरायचा, हा तिचा उपयोग. ही पदे कागदावर वंशपरंपरागत नसली तरी व्यवहारात बापाकडून मुलाकडे जात. योरिकी आणि दोशिन सारे हाच्चोबोरी नावाच्या एका मोहल्ल्यात राहत. मजा अशी की, गुन्हेगार आणि देहदंड यांच्याशी रोजचा संबंध म्हणून त्यांना काहीसे अशुद्ध मानले जाई आणि शोगुनासमोर उभे राहण्याचा मान त्यांना मिळत नसे. शहर ज्यांच्या भरवशावर झोपते, त्यांना पंगतीला मात्र लांब बसवायचे, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

इतक्या थोड्या माणसांत लाखोंचे शहर कसे राखले? दोशिनांपैकी रस्त्यावर फिरून तपास करणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इथेही युक्ती तीच. वस्तीवस्तीच्या तोंडाशी किदो नावाचे लाकडी दरवाजे होते आणि ते रात्री दहाच्या सुमारास लावले जात. पुण्यात तोफ, तिथे दरवाजा, वेळ तीच. वस्तीच्या लोकांनी आपल्या खर्चाने जिशिनबान ही पहाऱ्याची चौकी चालवायची. पाच-पाच घरांचे गट केलेले, एकाच्या गुन्ह्याची झळ पाचांना. सामुराई अधिकारी वर बसे, पण रोजची राखण शेजाऱ्यांच्या गळ्यात होती.

दोष तिथेही होतेच. दोशिन स्वतःच्या पदरच्या पैशाने ओकाप्पिकी नावाचे खबरे ठेवत. त्यातले कितीतरी पूर्वी गुन्हेगारच. ते लोकांकडून पैसे उकळत, म्हणून सरकारने पुनःपुन्हा त्यांना मनाई केली आणि पुनःपुन्हा तेच लागले. कबुलीजबाबासाठी छळही होई. पण दोन कचेऱ्या आणि महिन्याची पाळी ही चौकट अडीचशे वर्षे टिकली. शोगुनशाही संपल्यावर १८६८ मध्ये ती गेली आणि १८७४ मध्ये टोकियोचे नवे पोलीस खाते उभे राहिले.

ऑगस्ट १७९१

पुण्यात १७७७ मध्ये पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनी घाशीराम सावळदास या उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाला कोतवाल नेमले. तो चौदा वर्षे त्या जागेवर राहिला. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे घाशीरामाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. पण तेंडुलकरांना सत्तेविषयी बोलायचे होते, कोतवालीचा इतिहास सांगायचा नव्हता. दप्तरातली हकीकत जरा वेगळ्या कारणाने वाचण्यासारखी आहे.

श्रावणात पुण्याला दक्षिणा घ्यायला दूरदूरचे ब्राह्मण येत. १७९१ च्या ऑगस्टच्या शेवटी तेलंगणातल्या तीसपस्तीस ब्राह्मणांना चोरीच्या आळावरून पकडून कोतवालाने एका अरुंद कोठडीत कोंडले. गर्दीने आणि उकाड्याने त्यातले वीसहून अधिक गुदमरून मेले. सरदार मानाजी फाकडे यांच्या कानावर ही गोष्ट गेली, त्यांनी कोठडी उघडवली आणि बोभाटा झाला. हजारांचा जमाव नाना फडणीसांच्या दारी गेला. तेव्हा सवाई माधवराव पेशवे सतरा वर्षांचे होते. ३१ ऑगस्टला घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले आणि दगडांनी ठेचून मारण्यात आले.

घाशीराम किती दुष्ट होता, यावर पुष्कळ लिहिले गेले. यंत्रणेच्या बाजूने पाहिले तर प्रश्न दुसराच पडतो. कोठडीचे दार लागल्यापासून उघडेपर्यंत तिथे डोकावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला होता? सिंधुदुर्गावर हवालदाराने असे काही केले असते तर सबनिसाच्या हजेरीपटात ते उमटले असते. एडोत दुसऱ्या बुग्योच्या कानावर गेले असते. पुण्यात निःस्पृह म्हणून गाजलेले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे १७८९ मध्येच वारले होते, आणि ते असते तरी कोठडीची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. कोतवालावर वचक फक्त त्याला नेमणाऱ्याचा. तो वचक सुटला तेव्हा उरला तो जमाव. चौकशीऐवजी दगड आले, हे कोतवालीच्या रचनेचेच फळ होते.

किल्ल्यांची वाटणी

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी कोतवाल काही काळ ठेवला, पण जुनी घडी विस्कटली. रामोशांचे राखणदारीचे हक्क गेले आणि गडांवरचा पहारा संपला. ज्यांची विद्या रात्र जागवायची, त्यांच्या पोटावर पाय आला. त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. पुरंदराजवळ भिवडीत ७ सप्टेंबर १७९१ रोजी, घाशीरामाच्या अंतानंतर आठवड्याने जन्मलेल्या या माणसाला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले गेले. आमचे मालवण १८१२ मध्येच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले होते. पुढे १८६१ चा पोलीस कायदा आला, १८६७ चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राने पोलीस पाटलाचा आपला कायदा केला.

कोतवालाच्या कामांची मात्र फाळणी झाली. पकडणे पोलिसाकडे, निवाडा न्यायालयाकडे, ओटा आणि गटार नगरपरिषदेकडे, घरविक्रीची नोंद दुय्यम निबंधकाकडे, तराजू वैधमापनशास्त्राकडे. उरलेले नाव घसरत घसरत गावात आले. तलाठ्याच्या सजेवर नोटिसा पोचवणारा, दवंडी देणारा, मोजणीला आणि पंचनाम्याला सोबत येणारा तुटपुंज्या मानधनावरचा माणूस आपल्याला कोतवाल म्हणून माहीत आहे. अलीकडे शासनाने त्याचे नाव ‘महसूल सेवक’ केले, म्हणजे शब्दही आता जाणार. पेशव्याला रात्रभर अडकवून ठेवणारे पद ते हेच, यावर सजेतल्या कोतवालाचा विश्वास बसणे कठीण.

एका दाखल्यासाठी तहसील, तिथून नगरपरिषद, तिथून पोलीस ठाणे असे खेटे घालताना मालवणात काय किंवा कुडाळात काय, कोणाचाही जीव मेटाकुटीला येतो. हे सगळे एकाच टेबलावर झाले तर किती बरे, असे वाटणे साहजिक आहे. कागद एका टेबलावर यायला हरकत नाही, किल्ल्या मात्र येऊ नयेत. सगळ्या किल्ल्या एका कमरेला लावून पुण्याने पाहिले आहे.

वेतोबाला जाब विचारायची गरज पडत नाही. माणसाला विचारावाच लागतो, आणि तोही सकाळ उजाडण्याच्या आत. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे सक्तीचे केले आहे. पकडणारा एक आणि कोठडीत डोकावणारा दुसरा, एवढाच त्या कलमाचा अर्थ.